कोल्हापुरात बसून समुद्र कसा बघायचा? (लाटा, वारा, भरती आणि शिरोडा)

पाऊणपट | २० एप्रिल, रात्री ९:४०

मंडळी, आमच्या घरी आठ फुटी निळा फोमचा बोर्ड आहे. राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत त्याला 'इस्त्रीचं टेबल' म्हणतात. तीन वर्षांपूर्वी मुलकीला (कर्नाटकात, मंगळूरच्या अलीकडे) चार दिवस सर्फिंग शिकलो, तेव्हापासून हे खूळ डोक्यात आहे. मुलकी दर वेळी जमत नाही. म्हणून महिन्या-दीड महिन्यातून एखाद्या शनिवारी, रात्रीच म्हणायला हवं, दोनला निघून आजरा-आंबोली-सावंतवाडी करत सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या किनाऱ्यावर जातो. चार तास जायला, चार तास यायला, पाण्यात दोन तास. बायकोच्या हिशेबात हे बसत नाही आणि तिचं काही चूक नाही.

पहिल्या वर्षी नऊ खेपा केल्या, त्यातल्या पाच फुकट गेल्या. कधी समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट, कधी वाऱ्याने नुसता घुसळलेला. एकदा तर इतका खवळलेला की किनाऱ्यावर चहा पिऊन आल्या पावली परत. चूक माझीच होती. मी कोल्हापूरचं आभाळ बघून निघायचो. इथे निरभ्र, वारा पडलेला, म्हणजे तिकडेही बरं असणार!

डोक्यात उजेड पडला तो पंचगंगेमुळे. जुलैत आपण काय करतो? शहरात लख्ख ऊन असतं आणि तरी तासातासाला राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. कारण नदी शहरातल्या पावसाने चढत नाही, ती गगनबावड्याच्या आणि राधानगरीच्या पावसाने चढते, आणि ते पाणी इथे पोहोचायला वेळ घेतं. समुद्राचंही तेच. शिरोड्याला फुटणारी लाट बहुतेक वेळा शिरोड्यात जन्मलेलीच नसते.

तेव्हापासून मी लाटेच्या उंचीआधी तिचा कालावधी बघतो. म्हणजे एक लाट गेल्यावर पुढची किती सेकंदांनी येते. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या समुद्राच्या अंदाजात तो मिळतो, विंडी ॲपवरही मिळतो. पाच-सहा सेकंद असेल तर ते जवळच्याच वाऱ्याने उठवलेलं पाणी, नुसती खळखळ. बारा-चौदाच्या पुढे गेला की ती लांबून आलेली, वाटेत निवडून-पाखडून आलेली लाट. मीटरभराची सहा सेकंदांची लाट गुडघ्याला टिचकी मारते. मीटरभराचीच पंधरा सेकंदांची लाट माणसाला उताणा पाडते. आणि अंदाजात लिहिलेली उंची ही सगळ्यात मोठ्या लाटेची नसते बरं का. सगळ्या लाटांतल्या उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. एक मीटर लिहिलं असेल तर अधूनमधून दीड-पावणेदोन मीटरची येणारच. हे मला कळलं तेव्हा नाकातोंडात पाणी होतं.

मग वारा. मतलई वारे आणि खारे वारे आपण भूगोलात घोकले, मार्क घेतले आणि विसरलो. रात्री जमीन लवकर गार होते, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. पहाटे तो लाटेला समोरून धरतो, त्यामुळे लाट ढासळत नाही, उभी राहते आणि कडेकडेने फुटत जाते. त्यासाठीच रात्री दोनला उठायचं. अकराच्या सुमारास खारा वारा सुटतो आणि खेळ खलास. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनला वायव्येकडून असा वारा लागतो की बोर्ड काखेत धरून चालताना माणूसच वळतो.

तिसरी भरती. ती काढायला मोबाईल लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा तीच, मधल्या सहा तासांनी ओहोटी. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

आता मेमध्ये एकादशीचा शनिवार बघतोय. अकरा पाऊणे सव्वाआठ, म्हणजे सकाळी सहाला पाणी चढतं मिळेल. तेव्हा कोणी त्या भागात जाणार असेल, किंवा आधीचे अनुभव असतील, तर लिहा.

मिसळ_दोन_पाव | २० एप्रिल, रात्री १०:०२

भावा, ते लाटांचं ऱ्हाऊदे. आठ फुटी बोर्ड टपावर बांधून कोगनोळी नाक्यावरनं जातोस, कोण आडवत न्हाई?

पाऊणपट | २० एप्रिल, रात्री १०:१५

@मिसळ, अडवलं की एकदा. "हे काय?" "यावर उभं राहून लाटेवरून येतात." "पडला तर?" "पडतोच." "मग कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोडून दिलं बिचाऱ्याने.

रंकाळाकाठ | २० एप्रिल, रात्री १०:३१

रोचक धागा. पाऊणपटचं सूत्र आमच्या आजोबांच्या तोंडी होतं, पण त्याचा उपयोग इस्त्रीच्या टेबलासाठी होईल असं त्यांना वाटलं नसेल. वाचतोय.

गंगावेस_पैलवान | २१ एप्रिल, सकाळी ७:१२

आम्ही पुराच्या पाण्यात पुलावरनं उड्या टाकलेली माणसं. समुद्राला तर तळ वाळूचा, भोवरा नाही, धोंडा नाही. एवढं सेकंद मोजायचं काय आहे त्यात? पोहता येतंय का, बास.

जलतरण_मास्तर | २१ एप्रिल, सकाळी ९:५०

@पैलवान, राग मानू नका, पण हीच दोन वाक्यं मी तीस वर्षं ऐकतोय. कोल्हापूरची पोरं पोहण्यात कमी नाहीत. वीरधवल खाडे याच मातीतला, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१० च्या एशियाडमध्ये पदक आणलं. पण तलावातलं, नदीतलं आणि समुद्रातलं पोहणं ही तीन वेगळी कामं आहेत.

दर डिसेंबरात मालवणच्या चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा असते. तिथे पोरं घेऊन जातो. तलावात तीन किलोमीटर न थांबता मारणारं पोर पहिल्यांदा समुद्रात उतरलं की दोनशे मीटरवर थांबतं. दमतं म्हणून नाही. समोर भिंत दिसत नाही, तळाची काळी रेघ दिसत नाही, लाट मधे आली की बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) सुद्धा दिसत नाही. नेमकं श्वास घ्यायच्या वेळी तोंडात खारं पाणी. पोर बिचकतं. आणि बिचकलेला माणूस कितीही चांगला पोहणारा असला तरी दोन मिनिटांत संपतो.

आता भोवरा नाही म्हणालात त्याबद्दल. लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात, ते कुठून तरी परत जाणार. पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यात (उंचवट्यात) जिथे खिंड असते तिथून ते एकत्र होऊन आत जातं. त्या पट्ट्यात खोली जास्त, म्हणून तिथे लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गडद, शांत पाणी. आपला माणूस काय करतो? मुलाबाळांना घेऊन नेमका त्या शांत जागेत उतरतो. पाय उचलले की आत.

सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, त्या प्रवाहाला कोणी हरवत नाही. पाठीवर तरंगा, हात वर करा. ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर पोहत फेसाच्या पट्ट्याकडे या. तिथल्या लाटा तुम्हाला बाहेर ढकलतात. कुस्तीत समोरच्याचा जोर अंगावर न घेता वाट करून देतात, तसंच. हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

गंगावेस_पैलवान | २१ एप्रिल, सकाळी १०:२०

मास्तर, शेवटचं पटलं.

शून्यदाब | २१ एप्रिल, दुपारी १:०५

अरे वा, लाटेच्या कालावधीवर मराठीत कोणीतरी बोलतंय. मी थोडी भर घालते.

एप्रिल-मेमध्ये एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडे हे दिवस वळवाचे. दुपारपर्यंत घामाघूम, चारला ढग जमतात, गडगडाट, गारा, तासाभरात मोकळं. या वळवाचा आणि समुद्राच्या लाटेचा फारसा संबंध नाही. खरं प्रकरण खाली दक्षिण हिंदी महासागरात घडतं. तिथे तेव्हा हिवाळ्याची सुरुवात असते आणि मोठमोठी वादळं सरकत असतात. त्यांनी उठवलेल्या लाटा उत्तरेकडे निघतात आणि विषुववृत्त ओलांडून आपल्यापर्यंत येतात. हिशेब बघा: सोळा सेकंदांच्या लाटांचा जथा खोल समुद्रात ताशी साधारण ४५ किलोमीटरने पुढे सरकतो, म्हणजे दिवसाला हजारेक किलोमीटर. वादळ सहा हजार किलोमीटरवर असेल तर सहा दिवसांनी ती लाट तुमच्या पायाशी. ती येते तेव्हा इथे ना वारा, ना ढग.

केरळात याला 'कल्लक्कडल' म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात इन्कॉइसने असाच इशारा दिला होता. केरळ-तमिळनाडूबरोबर मुंबईसाठीही, ४ मेच्या सकाळी साडेअकरापासून ५ मेच्या रात्री साडेअकरापर्यंत. आभाळ मात्र स्वच्छ होतं.

लांब कालावधीच्या लाटेची आणखी एक खोड म्हणजे तिला तळ फार लवकर लागतो. सहा सेकंदांच्या लाटेला तीसेक मीटर खोलीवर तळ जाणवू लागतो, सोळा सेकंदांच्या लाटेला दोनशे मीटरवरच. त्यामुळे ती वाळूच्या दांड्यांप्रमाणे वळते, काही ठिकाणी एकवटते. शेजारच्या दोन किनाऱ्यांवर एकाच सकाळी वेगळा समुद्र दिसतो तो यामुळे.

हिवाळ्याचं गणित उलटं. डिसेंबर ते मार्च पर्शियन आखातात 'शमाल' नावाचे वायव्य वारे वाहतात, त्यांच्या लाटा आपल्याकडे वायव्येकडून येतात. छोट्या, पण नीटनेटक्या.

पाऊणपट, तुम्ही खेपांची वही ठेवत असाल तर त्यात हिवाळ्यातल्या नोंदी आहेत का?

पाऊणपट | २१ एप्रिल, रात्री ८:४४

@शून्यदाब, आहेत, पण त्यात 'बरा', 'बरा नाही', 'लई थंड' एवढंच लिहिलंय. यापुढे दिशा लिहीन.

कॅलेंडरवाला | २२ एप्रिल, सकाळी ८:३०

पाऊणपटचा हिशेब ढोबळ आहे हे ठळक लिहा. मुंबई, रत्नागिरी आणि मालवण यांच्या भरतीच्या वेळा एक नसतात, दक्षिणेकडे ती थोडी आधी येते. तिथी मधेच कधीतरी सुरू होते, त्याने आणखी फरक. बोर्डासाठी ठीक आहे. पण खाडी ओलांडायची, खडकावर जाऊन बसायचं, किंवा ओहोटीला चालत बेटावर जायचं असेल तर छापील तक्ताच बघा. अर्ध्या तासाची चूक आपल्या रंकाळा तलावावर चालते.

मालवणी_माहेर | २२ एप्रिल, दुपारी ३:१५

माझं माहेर आचऱ्याचं, सासर कोल्हापूरचं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलायचा अधिकार आहे. :)

आमच्याकडे भरतीला नुसतं भरती म्हणत नाहीत. पौर्णिमा-अमावास्येची ती उधाणाची, अष्टमीच्या आसपासची ती भांगाची. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, म्हणून ओढही जास्त. भांगाला पाणी सुस्त. पाहुणे यायचे म्हटले की आई कॅलेंडर बघून सांगायची, "भांगार येवा."

बाबा रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीला) जायचे. सगळे वाळूवर जमले तरी होडी लगेच पाण्यात लोटत नसत. उभे राहून बघत. आम्हा पोरांना वाटायचं, काय बघतात एवढं? काहीच तर होत नाहीये. तेच बघत होते, काहीच होत नाहीये ते किती वेळ होत नाहीये. मग लागोपाठ मोठ्या लाटा यायच्या, त्या मोजायचे, आणि पुढची शांतता सुरू झाली की होडी आत. आम्हाला एकच गोष्ट बजावलेली: "दर्याक पाठ दाखवची नाय." खेळा, भिजा, पण फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही. आता तर सगळे तसेच उभे असतात.

आणखी एक. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम दिसायला सुंदर, पण ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर पडतं. तिथे गुडघाभर पाण्यातही उभं राहू नका.

२०१९ ची दिवाळी आठवते. क्यार चक्रीवादळ किनाऱ्याला न धडकता ओमानच्या दिशेने निघून गेलं, तरी आमच्याकडे किनाऱ्यावरच्या वस्तीत पाणी आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सासरी महापूर. एका वर्षात दोन्ही घरची भांडी उंचावर चढवली.

मुक्काम_शाहूपुरी | २२ एप्रिल, रात्री ११:०८

स्पष्ट बोलतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच शिरोडा-वेळागरला एकाच कुटुंबातली माणसं समुद्राने ओढून नेली. जून २०२३ मध्ये बिपरजॉय लांब समुद्रात असताना गणपतीपुळ्याला लाट थेट किनाऱ्यावरच्या पर्यटकांवर आली. आणि इथे 'सव्वाआठची भरती, या सोबत' चाललंय. असले धागे वाचून पोरं गाड्या काढतात. आपल्याकडे चार तासांवर समुद्र आहे म्हणजे तो आपला होत नाही.

पाऊणपट | २३ एप्रिल, सकाळी ६:५५

@मुक्काम_शाहूपुरी, तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. 'कोणी जाणार असेल तर' हे वाक्य मी लिहायला नको होतं. सर्फिंग शिकायचं असेल त्याने मुलकीला किंवा जिथे शिकवणारी माणसं पाण्यात सोबत असतात अशा ठिकाणी शिकावं. मीही शिरोड्याला एकटा उतरत नाही. तिथला एक मच्छीमार दोस्त किनाऱ्यावर उभा असतो, तो 'नको' म्हणाला की मी उतरत नाही.

पण पोरं धागा वाचून जात नाहीत हो. ती काहीच न वाचता जातात. मे महिन्यात आंबोलीतून खाली जाणाऱ्या एमएच ०९ च्या गाड्या मोजा. त्यातल्या किती जणांनी लाटेचा इशारा बघितलेला असतो? पावसाळ्यात हीच माणसं गगनबावड्याच्या वाटेवर मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलंय का, हे दहा फोन करून विचारतात. तेवढीच चौकशी समुद्राची करा, एवढंच माझं मागणं आहे.

मुक्काम_शाहूपुरी | २३ एप्रिल, सकाळी ९:१४

हे आधी लिहायला हवं होतं. अनुमोदन.

दोन_लेकरांची_आई | २४ एप्रिल, दुपारी २:२०

सर्फिंग वगैरे आम्हाला नको. सात आणि दहा वर्षांची मुलं आहेत, मेमध्ये तारकर्लीला चाललोय. मुलांना पाण्यात कधी न्यावं एवढं कोणी सरळ सांगेल का?

जलतरण_मास्तर | २४ एप्रिल, संध्याकाळी ५:३०

ताई, सकाळी नऊच्या आत, भांगाच्या दिवसांत, पाणी चढत असताना. जीवरक्षक किंवा स्थानिक बोटवाले जिथे असतील तिथे. मुलांच्या कमरेच्या वर पाणी नको, आणि तुम्ही मुलांच्या पलीकडे समुद्राच्या बाजूला उभ्या राहा, अलीकडे नाही. कोणी नको म्हणालं तर हॉटेलचं भाडं भरलंय म्हणून वाद घालू नका. हवेने फुगवलेली ट्यूब अजिबात नको, सकाळच्या मतलई वाऱ्यात ती पोरासकट आत जाते.

मिसळ_दोन_पाव | २४ एप्रिल, संध्याकाळी ६:०१

ते पहाटेचं वारं बोर्डाला चांगलं आणि ट्यूबला वाईट. हे आज कळलं. नाद खुळा धागा.

पाऊणपट | एकादशी, शनिवार, रात्री १०:५०

जाऊन आलो. हात दुखतायत, म्हणून जमेल तसं लिहितो.

गुरुवारी अंदाजात ०.९ मीटर आणि १६ सेकंद दिसलं. आकडा बघून मी घड्याळाचा गजर लावला आणि बायकोने उपासाचा डबा भरला. (ती घरीच. मी एकादशी धरत नाही. तरी साबुदाण्याची खिचडीही खाल्ली आणि सावंतवाडीला येताना दुसरंही. एकादशी अन् दुप्पट खाशी.) कोल्हापुरात शुक्रवारी संध्याकाळी धो धो वळीव झाला होता, झाड पडून आमच्याकडे वीज नव्हती. जुना मी असतो तर बेत रद्द केला असता.

सहाला पाच मिनिटं कमी असताना पोहोचलो. समोर रंकाळा. खोटं नाही सांगत, सुरूच्या बनातून बाहेर आलो आणि पाणी इतकं गप्प होतं की शिवी आली तोंडात. बोर्ड उचलून निघालोच होतो, तेवढ्यात मालवणी_माहेर यांचे बाबा आठवले. म्हटलं, बघू उभं राहून. मित्र म्हणाला, "बस रे, घाई काय आहे?" बसलो. चार मिनिटं, सहा मिनिटं. काही नाही. आठव्या मिनिटाला लांब पाण्यावर एक काळसर घडी दिसली, चादरीला पडते तशी. तिच्यामागे आणखी. पहिली फुटली तेव्हा आवाज आधी पायांना कळला. एकूण पाच आल्या, घड्याळ लावून मोजलं, पंधरा-सोळा सेकंदांच्या अंतराने. मग परत रंकाळा. दहा मिनिटं.

मित्राने तीन वेळा हा फेरा बघू दिला, मग म्हणाला जा. फेसाच्या कडेने आत गेलो. पहिल्या दोन लाटा नुसत्या खालून निघून गेल्या, जिना वर सरकल्यासारखं वाटलं. तिसरीला हात मारले. उठलो. किती वेळ उभा होतो? दहा सेकंद असेल. मतलई वारा तोंडावर, समोर पाण्याची भिंत तासल्यासारखी गुळगुळीत, आणि ती मोडत मोडत माझ्या मागून येतेय. तीन वर्षांतली ही पहिलीच लाट, जिच्यावर मी पडलो नाही, स्वतः उतरलो.

लाटांच्या पुढच्या संचात मात्र शहाणपणा नडला. चौथ्या लाटेला उशिरा उठलो, बोर्डाचं नाक खाली घुसलं आणि मी वॉशिंग मशीनमध्ये. वर आलो तर पाचवी डोक्यावर. ती गेल्यावर बघतो तर किनाऱ्यावरचा मित्र उजवीकडे सरकलेला. तो नव्हता सरकला, मी सरकलो होतो, आणि आतही चाललो होतो. मास्तरांनी लिहिलेला तोच गडद पट्टा. बोर्डाची दोरी पायाला होती, म्हणून बोर्डावर पोट टेकून हात वर केला आणि गप्प पडून राहिलो. झुंजायचं नाही हे वाचलेलं असणं वेगळं आणि अंगाला कळणं वेगळं. पाय आपोआप मारले जात होते. मिनिटभराने ओढ ढिली झाली, मग डावीकडे फेसात शिरलो आणि पुढच्या लाटेने पोटावरच बाहेर आणून टाकलं. मित्र एवढंच म्हणाला, "झाला तुझा?" झालं होतं.

खरं सांगायचं ते पुढे. साडेसातला एक कुटुंब आलं, आठ-नऊ माणसं. ते नेमके त्याच शांत पट्ट्यासमोर चपला काढायला लागले. फेस बघून म्हणाले, "तिकडे लाटा आहेत, इकडे बरं." मी ओल्या अंगाने धावत गेलो. त्यातल्या आजोबांना माझं पटेना, पाणी तर शांत दिसतंय म्हणाले. मी म्हटलं, "काका, दहा मिनिटं थांबा." सात मिनिटांत संच आला, पाणी त्यांच्या चपलांपर्यंत चढलं आणि परत जाताना त्यातली एक घेऊन गेलं. त्याच पट्ट्यातून. सगळे ती चप्पल आत जाताना बघत राहिले. मग कोणी उतरलं नाही.

साडेनऊला वारा पडला, साडेदहाला उलटा फिरला. आवरलं. काळ्या गाडीच्या टपावर बोर्ड बांधून जेवायला बसलो तर पाय घसरू नये म्हणून त्यावर लावलेलं मेण वितळून काचेवर ओघळलं. आंबोलीपर्यंत वायपर मारत आलो, ते आणखी पसरलं.

शून्यदाब | रविवार, सकाळी ८:१०

मस्त वर्णन! आठ-दहा मिनिटं शांतता आणि मग पाच लाटा, ही लांबून आलेल्या लाटांची खूण. थोड्या वेगळ्या कालावधीच्या लाटा एकत्र चालतात, कधी एकमेकींना चढवतात, कधी खोडतात. वहीत संचामधली मिनिटंही लिहीत जा.

मालवणी_माहेर | रविवार, सकाळी ११:४५

बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "चप्पल मिळाली काय?"

पाऊणपट | रविवार, दुपारी १२:३०

नाही मिळाली. आजोबा एका पायात चप्पल घालून गाडीपर्यंत गेले.

गंगावेस_पैलवान | रविवार, रात्री ९:००

पुढच्या खेपेला मी येतो. पाण्यात नाही. वाळूवर बसून मोजतो.

दोन_लेकरांची_आई | २० मे, सायंकाळी ७:३५

तारकर्लीहून परत आलो. सकाळी साडेसात ते नऊ मुलं पाण्यात, मी पलीकडे उभी. नवरा फोटोसाठी पाठ करून उभा राहिला तर धाकटी ओरडली, "बाबा, समुद्राकडे बघा!" मास्तरांना सांगा.

कॅलेंडरवाला | २७ मे, सकाळी ७:५०

मेअखेर आली. जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आता ऑगस्टअखेरपर्यंत बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद. धागा वर राहू द्या, पण तोवर कोणी जाऊ नका.

पाऊणपट | १९ जुलै, सकाळी ७:२०

बोर्ड माळ्यावर आहे. इथे ऊन पडलंय. राजाराम बंधारा ३४ फूट आणि चढतोय.

मिसळ_दोन_पाव | १९ जुलै, सकाळी ७:२४

गगनबावड्याला काय म्हणतंय?